सोने तेवढे मागे राहिले

दिवाळीचा फराळ डब्यात मऊ पडण्याच्या आतच आमच्या ओझरात नाताळची चाहूल लागते. बाहेरगावच्या वाचकाला याचे नवल वाटेल. त्याच्या लेखी ओझर म्हणजे मुंबई-आग्रा रस्त्यावरचे, बाणगंगेकाठचे, द्राक्षमळ्यांनी वेढलेले निफाड तालुक्यातील एक गाव. ते तसे आहेच. परंतु १९६४ साली येथे मिग विमानांचा कारखाना आला, कारखान्यामागोमाग वसाहत आली, आणि वसाहतीत केरळापासून पंजाबापर्यंतची माणसे राहायला आली. शिवाय वीसेक किलोमीटरवर नाशिकचे शरणपूर आहे. तेथील मराठी ख्रिस्ती वस्ती दीडशे वर्षांहून जुनी, आणि तिच्या नाताळच्या ताटात करंज्या, चकल्या, अनारसे हे आपलेच सगळे असते. तेव्हा भाऊबीज ते नाताळ हे सहा-सात आठवडे आमच्याकडे एकमेकांना काय द्यावे या विवंचनेत जातात.

गेल्या वर्षी याच दिवसांत शेजारची एक बाई माझ्याकडे आली. शरणपूरची माहेरवाशीण, मला काका म्हणते. "काका, नाशिकच्या मावशीला नाताळला काय देऊ? चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. काहीही नेलं तरी म्हणते, मला आता कशाला?" तिने यादीच करून आणली होती: रक्तदाब मोजण्याचे यंत्र, पाय चोळणारे यंत्र, गोळ्यांसाठी सात कप्प्यांची डबी, न घसरणाऱ्या चपला, आणि यांतले काहीच पटले नाही तर शाल.

यादी वाचून मी विचारले, "मावशी आजारी आहेत काय?"

"छे हो, ठणठणीत आहे. अजून स्वतः अनारसे करते."

"मग ही यादी कुणासाठी?"

तिला उत्तर सुचले नाही. तो दोष तिचा एकटीचा नव्हे. आपण सारेच ही यादी करतो, आणि ती कुणासाठी करतो हे स्वतःला विचारत नाही. माझे म्हणणे असे की, म्हाताऱ्या माणसांना आपण ज्या भेटी देतो त्या त्या माणसांना नसतातच. त्या त्यांच्या वयाला असतात. माणूस त्या वयाच्या मागे कोठेतरी उभा असतो आणि त्याच्या हाती काही पडत नाही. हे विधान पुष्कळांना कडू लागेल, म्हणून ते जरा विस्ताराने मांडतो.

नाताळचा विषय निघाला आहे तर नाताळच्याच कथेपासून सुरुवात करू. मत्तयाच्या शुभवर्तमानात पूर्वेकडचे ज्ञानी पुरुष बाळ येशूला भेटायला येतात आणि तीन वस्तू अर्पण करतात: सोने, ऊद आणि गंधरस. व्यवहारी दृष्टीने पाहिले तर तान्ह्या मुलाला यांतल्या एकाही वस्तूचा उपयोग नाही. कोणाही शहाण्या आजीने दुपटी आणि बाळगुटीचे सामान नेले असते. पण जुन्या ख्रिस्ती भाष्यकारांनी या भेटींचा अर्थ फार मार्मिक लावला आहे. सोने राजाला देतात, ऊद देवापुढे जाळतात, आणि गंधरस मृताच्या देहाला लावतात. म्हणजे हे बाळ राजा आहे, देव आहे आणि मर्त्यही आहे, असे तिघींनी मिळून सांगितले. भेट ही मुळात वस्तू नसून एक विधान असते. तुम्ही मला कोण समजता, हे ती बोलून दाखवते.

आता हीच कसोटी आपल्या यादीला लावून पाहा. रक्तदाबाचे यंत्र, साखर मोजण्याचे यंत्र, काठी, कमरेचा पट्टा, गोळ्यांची डबी हा सगळा गंधरस आहे. त्या कथेत तो तीन भेटींपैकी एक होता. आपण म्हाताऱ्यापुढे त्याचीच रास घालतो. औषधपाणी करू नये असे मी म्हणत नाही. औषध हे कर्तव्य आहे आणि ते बारा महिने करावे. पण सणाच्या दिवशी रंगीत कागदात गुंडाळून, फीत बांधून कोणी काठी हातात ठेवतो तेव्हा तो त्या माणसाला "तू आता पडणार आहेस" एवढेच सांगत असतो. घरातील तरुण जावयाला दिवाळसणाला कोणी मुळव्याधीचे मलम देत नाही, मग त्याला मुळव्याध असली तरी! हा संकोच म्हाताऱ्यांच्या वाट्याला का येत नाही?

दुसरी भेट ऊद. तिचा आपल्याकडचा अवतार म्हणजे शाल. महाराष्ट्रात शालीइतका अपमान दुसऱ्या कोणत्या वस्त्राचा झाला नसेल. आमचा निफाड तालुका थंडीसाठी प्रसिद्ध. डिसेंबर-जानेवारीत येथे पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली जातो आणि द्राक्षांचे घड वाचवायला शेतकरी मळ्यात शेकोट्या पेटवतात. अशा गावी शालीची निंदा करणे धाडसाचेच. पण सत्काराची शाल ज्याने थंडीत पांघरून पाहिली आहे त्याला ठाऊक आहे की, तिच्यात झगमग असते आणि ऊब नसते. ती खांद्यावर घालण्यासाठी असते, अंगावर घेण्यासाठी नसते. शाल घातली, नारळ दिला, वाकून नमस्कार केला की म्हातारा देव्हाऱ्यात गेला. देव्हाऱ्यातल्या देवाची एक मोठी सोय असते: त्याला कोणी काही विचारत नाही. घर रंगवायचे कोणत्या रंगात, नातीला कोणत्या शाळेत घालायचे, मळ्याचा तुकडा विकायचा की नाही, हे देवाला विचारून कोण ठरवतो? आधी ठरवतात, मग त्याच्यापुढे पेढे ठेवतात.

उरले सोने. सोने म्हणजे दागिना नव्हे. राजाला सोने देतात याचा अर्थ एवढाच की, त्याचा शब्द चालतो हे मान्य करतात. स्वतःचा पैसा स्वतःच्या हाती, स्वतःचे दार स्वतःच्या किल्लीने उघडणे, स्वतःचा दिवस स्वतः ठरवणे, आणि दुसऱ्याला काही देण्याची ताकद शिल्लक असणे, हे माणसाचे सोने. ऊद आणि गंधरस आपण सढळ हाताने देतो. सोने तेवढे मागे ठेवतो. पुष्कळदा तर असे होते की, जे सोने आपण मागे ठेवलेले असते ते मुळात त्या म्हाताऱ्याचेच असते.

हे मी उगाच म्हणत नाही. आपल्या मराठीत मालमत्ता देण्याच्या दस्ताला शब्दच आहे बक्षीसपत्र, म्हणजे भेटीचाच कागद. आपल्या राज्यात राहते घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला, नातवाला बक्षीस द्यायची असेल तर मूळ मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे. नोंदणीचा आणि स्थानिक अधिभाराचा खर्च वेगळा. म्हणजे आयुष्यभराच्या कमाईचे घर देण्याच्या कागदाला जेवढे मुद्रांक लागतात त्याहून बरी शाल महाग पडते. दरवर्षी किती आईबाप ही भेट देतात! आणि त्या भेटीनंतर काय घडते ते संसदेला ठाऊक होते म्हणून २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा कायदा झाला. त्याचे २३ वे कलम सांगते की, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळले नाही, तर ती भेट फसवणुकीने किंवा दडपणाने घेतली असे मानून, देणाऱ्याच्या इच्छेनुसार, रद्द करता येते. हे कलम प्रत्येक घरात मोठ्याने वाचावे असे आहे. देशाच्या कायद्याला ज्या दिवशी असे लिहावे लागले त्या दिवशी भेटवस्तूंच्या दुकानातून आपण काय उचलतो याला फारसा अर्थ उरला नाही. घर घेतले आणि शाल दिली, हा हिशेब कोणत्या चोपडीत जुळतो?

कोणी म्हणेल, हे तर वाईट मुलांचे झाले. आम्ही चांगले आहोत. ठीक आहे, चांगल्या मुलांचेच उदाहरण घेऊ, आणि ते माझेच घेऊ. माझी आई दिंडोरी तालुक्यातल्या खेड्यातून माझ्याकडे वसाहतीत राहायला आली. मी दर दिवाळीला तिला शाल आणत असे, चांगली, लोकरीची. एकदा पाहिले तर भांडी घासायला येणाऱ्या बाईच्या अंगावर ती शाल. मी आईवर रागावलो. "तुझ्यासाठी आणली होती, वाटण्यासाठी नाही." ती काही बोलली नाही. ती गेल्यावर तिची पेटी उघडली तेव्हा डांबरगोळ्या घालून, घडी न मोडता ठेवलेल्या नऊ शाली निघाल्या. मी दिलेली आज्ञा तिने अक्षरशः पाळली होती. पहिली शाल तिला मिळाली होती, कारण तिने ती देऊन टाकली. पुढच्या नऊ तिला कधी मिळाल्याच नाहीत. त्या माझ्याच होत्या, फक्त तिच्या पेटीत होत्या.

आपल्या बायकांनी हे शास्त्र केव्हाच जाणले आहे. शेजारणीकडून फराळाचे ताट आले तर ते रिकामे परत करायचे नाही. घरात काही नसले तर चिमूटभर साखर तरी घालायची. मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ साली भेटीवर मोठा निबंध प्रसिद्ध केला आणि देणे, घेणे व परत देणे ही तिन्ही बंधने मिळून भेट पुरी होते असे दाखवले. ज्याला परत देता येत नाही तो घेणारा खाली उतरतो. त्या निबंधाचे सार आमच्या आळीतल्या चिमूटभर साखरेत आहे. आणि ज्यांच्याकडून आपण ताट रिकामे परत घेतो अशी घरात एकच जात उरली आहे: म्हातारी माणसे. "राहू द्या आजी, तुम्ही कशाला उठता," "बाबा, तुम्ही नका हो खिशात हात घालू." आपल्याला वाटते ही माया. ती माया असेलही, पण तिच्यामुळे घेणारा भिकारी होतो.

आता त्या शेजारणीच्या मावशीकडे वळतो. मी तिला सल्ला दिला की, यंत्रे राहू दे. मावशींना चार दिवस आधी घेऊन ये, अनारशांची सूत्रे त्यांच्या हाती दे, आणि पोरांना वाटायला त्यांच्याजवळ थोडे पैसे पाकिटात घालून ठेव. सल्ला मला फार चतुर वाटला होता. अनारशांपर्यंत सगळे सुरळीत झाले. पाकीट मात्र मावशींनी परत केले. म्हणाल्या, "अगं, तू द्यायचे आणि मी वाटायचे, मग ते माझे कसे? मी काय तुझी पोस्टमन? माझी पेन्शन येते ना? ते पुस्तक कुठे आहे?" पुस्तक आणि कार्ड भाच्याच्या कपाटात होते, चार वर्षांपासून, सोयीसाठी. मावशींना आपल्या खात्यात किती पैसे आहेत हे ठाऊक नव्हते. माझ्या चतुर सल्ल्यातही सोन्याचा मुलामाच होता, अस्सल सोने मावशींनी मागून घेतले. नाताळच्या दोन दिवस आधी त्या बँकेत गेल्या, खिडकीशी उभ्या राहिल्या, सही केली आणि नोटा स्वतः मोजल्या. त्या नाताळला पोरांना मावशीआजीने काय दिले ते माझ्या लक्षात नाही. त्या बँकेतून बाहेर आल्या तेव्हा कशा चालत होत्या ते मात्र शेजारीण अजून सांगते.

येथे एक आक्षेप येतो आणि तो क्षुल्लक नाही. फोनवरून म्हाताऱ्यांना गंडा घालणारे आज किती माजले आहेत हे रोजच्या वर्तमानपत्रात दिसते. पुस्तक आणि कार्ड त्यांच्या हाती देणे म्हणजे चोरांच्या हाती देणे नव्हे काय? ज्यांची स्मृती ढळली आहे त्यांच्या बाबतीत हे खरे आहे. तेथे दुसऱ्याने कारभार पाहणे हाच धर्म. पण स्मृती शाबूत असलेल्या माणसाला केवळ वयाच्या दाखल्यावरून त्या वर्गात ढकलणे हा अन्याय आहे. मोठी रक्कम वेगळी ठेवा, महिन्याच्या खर्चाचे खाते वेगळे करा, आणि त्या खात्यात त्यांना हवे ते करू द्या. एखादे वेळी हजार रुपये बुडतील. तुमचे बुडत नाहीत काय? स्वतःच्या पैशाने थोडेसे फसण्याचा हक्क प्रत्येक सज्ञान नागरिकाला आहे. साठीनंतर तो काढून घ्यावा असे घटनेत कोठे लिहिलेले नाही.

दुसरा आक्षेप परगावच्या मुलांचा. "आम्ही पुण्यात, बंगळुरात, अमेरिकेत. आम्ही वस्तू पाठवणार नाही तर काय पाठवणार?" त्यांनी प्रश्न पाठवावेत. मी आयुष्यभर विमानाच्या कारखान्यात काम केले. तेथील रीत अशी की, विमान दुरुस्तीला आले की पाना हाती घेण्याआधी त्याचे लॉगबुक उघडायचे. किती तास उडाले, कोणता भाग केव्हा बदलला, कोठे काय बिघडले होते, हे वाचल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ विमानांना समारंभाने निरोप दिला गेला. त्या यंत्राचा इतिहास तासातासाने नोंदलेला आहे. ज्या हातांनी त्याला रिवेट मारले त्या हातांचे लॉगबुक मात्र त्यांच्या नातवंडांनी कधी उघडून पाहिलेले नाही.

आणि विचारल्याने काय घडते याचे उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. नाशिकजवळच्या जलालपुरात जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकल्या. कवी नारायण वामन टिळक १९१९ साली वारले. पुढे मुलाने, देवदत्त टिळकांनी, वडिलांच्या चरित्रासाठी आईकडे आठवणी मागितल्या. त्या मागणीतून 'स्मृतिचित्रे' उभे राहिले. १९३४ ते १९३६ या काळात ते प्रसिद्ध झाले आणि १९३६ सालीच लक्ष्मीबाई गेल्या. समजा, त्या मुलाने आईला त्याऐवजी एक उत्तम शाल दिली असती! मुलगा म्हणून तो चांगलाच ठरला असता आणि मराठी भाषा मात्र एका थोर पुस्तकाला मुकली असती. सगळ्याच आया लक्ष्मीबाई नसतात, हे मान्य. पण त्या कोण आहेत हे विचारल्याशिवाय कळणार कसे?

आता थोडे आम्हा म्हाताऱ्यांविषयी, कारण सारे खापर तरुणांच्या माथी फोडणे सोयीचे असले तरी खरे नाही. "मला काही नको" हे वाक्य आम्ही विरक्तीचे म्हणून उच्चारतो. ते बहुधा खोटे असते. आम्हाला पुष्कळ हवे असते. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी उलटलेल्यांना राज्यात एस.टी.चा प्रवास फुकट झाला, तेव्हा जी म्हातारी माणसे पिशव्या घेऊन थांब्यांवर उभी राहिली ती काय एकदम त्या दिवशी हौशी झाली? हौस होतीच, फक्त मुलाकडे तिकिटाचे पैसे मागण्याची लाज संपली. सरकारने न कळत सोन्याची भेट दिली: काठी नाही, शाल नाही, हवे तेथे जाण्याची मोकळीक. आम्ही आमची इच्छा लपवतो, मुले अंदाजाने शाल आणतात, आम्ही ती पेटीत ठेवतो आणि दोन्ही बाजू एकमेकांच्या समजूतदारपणावर मनातून रुसून राहतात. आमच्या बायकांना तर "नको" म्हणण्याचे वळण पाळण्यातच लावलेले. सत्तर वर्षांनंतर त्यांना "हवे" म्हणता येईल अशी परिस्थिती घरात निर्माण करणे, ही भेट कोणत्याही दुकानात मिळत नाही.

तेव्हा येत्या भाऊबिजेला, येत्या नाताळला खरेदीला निघण्याआधी एवढे पाहा. ही वस्तू माणसाला आहे की त्याच्या दुखण्याला? ती दिल्यावर तिची किल्ली तुमच्याकडे राहते काय? त्याने ती उद्या दुसऱ्याला देऊन टाकली तर तुम्हाला राग येईल काय? आणि त्याला तुम्हाला काही परत देण्याची जागा तुम्ही ठेवली आहे काय? या चार प्रश्नांतून जी वस्तू तरून जाईल ती खुशाल घ्या, मग ती शाल असली तरी चालेल.

दुसऱ्याला सांगायचे ते आधी स्वतः करावे, म्हणून माझे "हवे" येथे छापून टाकतो. माझी मुले दिवाळी अंक वाचतात. यंदा मला शाल नको. माझे बँकेचे पुस्तक माझ्या टेबलाच्या खणात ठेवावे. आणि डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी आपण सगळे वणीच्या गडावर जाऊ, गाडीने नव्हे, एस.टी.ने. माझे तिकीट फुकट आहे. तुम्हा सर्वांचे मी काढीन.